एकशे एकावं युनिट : अमळनेर तालुक्यातल्या एका लाइट बिलाचं प्रकरण

जून २०२४च्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या अक्का लाइट बिल घेऊन आल्या. "भाऊ, बिल इतलं कसं उनं? मीटर पयी ऱ्हायनं का काय?" (बिल इतकं कसं आलं? मीटर पळतंय का काय?)

घर बोरी नदीच्या अंगाचं, अमळनेर तालुक्यातलं. माणसं पाच : अक्का, मुलगा, सून, दोन नातवंडं. पुढची खोली स्लॅबची, मागचं घर जुनं धाब्याचं, मातीच्या छताचं. मुलगा भाड्याची गाडी चालवतो, सून उन्हाळ्यात बिबड्या-पापडाची कामं घेते. घरात तीन पंखे, एक फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर आणि एक कूलर. थंडीत महिन्याला सत्तरच्या आसपास युनिटं पडायची. मे महिन्यात एकशे ऐंशी पडली. युनिटं अडीचपट झाली आणि बिल तिपटीवर गेलं. अक्कांची शंका नेमकी याच फरकावर होती, आणि ती रास्त होती.

माझी हयात वाणिज्य शाखा शिकवण्यात गेली, त्यामुळे गल्लीतली बिलं माझ्याकडे येतात. पहिल्यांदा मीटरच तपासला. घरातला मेन स्विच बंद केला, तेव्हा मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. म्हणजे वायरिंगमध्ये गळती नव्हती, कुणी परस्पर जोडणीही घेतलेली नव्हती. बिलावरचं रीडिंग मीटरशी जुळत होतं, फोटोही त्याच मीटरचा होता. रीडिंग न घेता लावलेलं सरासरी बिल नव्हतं. वर्गवारी घरगुतीच छापलेली होती. दोन महिन्यांचं रीडिंग एका महिन्यात घुसवलेलं नव्हतं (तसं झालं असतं तर दराचा टप्पा, म्हणजे स्लॅबही, दोन महिन्यांचा धरावा लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं). कूलरचा हिशेबही बसला. साधारण दोनशे वॅटचा कूलर रोज चौदा तास चालला की दिवसाला पावणेतीन युनिटं आणि महिन्याला ऐंशीच्या वर जातात. त्यात रात्रभरचे पंखे आणि उन्हाळ्यातला फ्रिज धरला की एकशे ऐंशी भरतात.

बिलात एकही चूक निघाली नाही. हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं ते यामुळेच. चूक असती तर अर्ज केला असता. अर्जाने काम झालं नसतं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. ती वाट मी अनेकांना दाखवली आहे. पण मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, बेरीज बरोबर आणि तरीही बिल घराला झेपत नाही, अशा वेळी दाद कुठे मागायची? वायरमनला बोलून उपयोग नाही आणि सबडिव्हिजनच्या खिडकीवर भांडूनही नाही. हे बिल तिथे ठरलेलंच नव्हतं.

ते कसं ठरलं हे आकड्यांतच पाहावं लागतं. २०२४-२५ साठी महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये दर होता. वर प्रत्येक युनिटामागे वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे पैसे, १.१७ रुपये. म्हणजे शंभरावं युनिट ५.८८ रुपयांना पडतं आणि एकशे एकावं ११.४६ रुपयांना. अक्कांची पहिली शंभर युनिटं ५८८ रुपयांची झाली, पुढची ऐंशी ९१६ रुपये ८० पैशांची. या दोन्हींची बेरीज १,५०४ रुपये ८० पैसे. त्यावर स्थिर आकार, दर महिन्याला बदलणारा इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर सरकारचं १६ टक्के वीज शुल्क.

दोन वर्षं आधी, २०२२-२३ मध्ये, हेच दर वहन आकारासह ४.७१ आणि ८.६९ रुपये होते. त्या हिशेबाने तीच एकशे ऐंशी युनिटं १,१६६ रुपयांना पडली असती. त्या वर्षी इंधन समायोजन आकार जड होता आणि त्याचा भार पुढे मूळ दरात मुरला, हेही सांगायला हवं. त्यामुळे सगळा फरक निव्वळ दरवाढीचा म्हणता येणार नाही. पण ३१ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा दराचा आदेश आला, त्यात दोन वर्षांचे दर एकदम ठरले आणि अक्कांचं बिल त्याच दिवशी निम्मंअधिक लिहिलं गेलं. त्या आदेशाची बातमी अक्कांच्या घरात कुणी वाचली नव्हती. मी वाचली होती आणि पान उलटलं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे.

मेमधला कूलर

स्लॅबच्या हेतूशी माझं भांडण नाही. कमी वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग, हे तत्त्व न्याय्य आहे. माझं म्हणणं त्याच्या मोजपट्टीबद्दल आहे. महावितरणचा दर सगळ्या राज्याला एकच, आणि स्लॅब मोजायचा तो महिन्याच्या हिशेबाने. महाबळेश्वरच्या घराला मे महिन्यात शंभर युनिटं आणि भुसावळच्या घरालाही तेवढीच. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं काही नवं नाही. दुपारी धाब्याच्या घरात थोडा निभाव लागतो, पण स्लॅबच्या खोलीत रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर ऊन लागतं. अशा घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी किंवा तान्हं मूल असेल तर कूलरला चैन म्हणता येत नाही. दरपत्रकाच्या नजरेत मात्र ज्या महिन्यात कूलर लागला त्या महिन्यात हे घर 'जास्त वापरणारं' होतं.

अक्कांची बारा महिन्यांची बिलं मागवून घेतली. हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून आकडे गोल करतो. आठ महिने सत्तर युनिटं आणि उन्हाळ्याच्या बाजूचे चार महिने एकशे ऐंशी. वर्षाची १,२८० युनिटं. सरासरी काढली तर महिन्याला शंभराच्या जरा वर, म्हणजे तसा लहानच ग्राहक. महिन्याच्या स्लॅबने यातली ९६० युनिटं स्वस्त दरात बसतात आणि ३२० महाग दरात जातात. २०२४-२५ च्या दराने ऊर्जा आणि वहन मिळून ९,३१२ रुपये होतात. आता हाच स्लॅब वर्षाचा धरा : महिन्याला शंभर तर वर्षाला १,२०० युनिटं स्वस्त दरात, उरलेली ८० महाग दरात. बेरीज येते ७,९७२ रुपये ८० पैसे. फरक १,३३९ रुपयांचा, आणि वीज शुल्क धरलं तर साडेपंधराशेच्या पुढचा. घर तेच, मीटर तोच, युनिटंही तेवढीच.

उन्हाळा सोडून बाकीच्या महिन्यांत अक्कांनी महिन्याला तीस स्वस्त युनिटं न वापरता सोडली होती. आठ महिन्यांची ती २४० होतात. उन्हाळ्यात त्यांना ती परत मिळाली नाहीत. माझी मागणी एवढीच आहे की ती मिळावीत. दर महिन्याला नेहमीप्रमाणे बिल द्या, आणि आर्थिक वर्षाअखेरी स्लॅबचा मेळ घालून जमा रक्कम पुढच्या बिलात वळती करा. ग्राहकाचं बारा महिन्यांचं रीडिंग कंपनीच्या संगणकात असतंच, प्रत्येक बिलावर मागच्या वापराचा तक्ताही छापून येतो. याला नवं यंत्र लागत नाही, दरपत्रकात एक कलम घालावं लागतं.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो खरा आहे : मग ही तूट कोण भरणार? आयोग कंपनीचा वर्षाचा एकूण मान्य खर्च आधी ठरवतो आणि तो सगळ्या वर्गांवर वाटतो. अक्कांच्या बिलातून साडेतेराशे कमी झाले तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी बिलात जाणार. म्हणून वाटणीवर बोलून थांबता येत नाही. मूळ खर्च किती मान्य होतो, तिथेच जावं लागतं.

खर्च कुठे मान्य होतो

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथले ५०० मेगावॉटचे दोन संच आणि नंतरचा ६६० मेगावॉटचा संच, त्यांच्या चिमण्या आमच्याकडच्या पोरांना आगगाडीतून पाहून पाठ आहेत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. कोळसा, वारा, ऊन, तिन्हींची वीज खानदेशात तयार होते. म्हणून अक्कांनी सरळ विचारलं, "आपलीच वीज आपल्याला महाग का?"

वीज जवळ तयार झाली म्हणून दर कमी होत नाही, कारण महावितरण सगळीकडची वीज करारांनी घेते आणि खर्च एकत्र करते. त्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा. औष्णिक केंद्रांच्या करारात दराचे दोन भाग असतात : इंधनाचा बदलता आणि क्षमतेचा स्थिर. स्वस्त वीज आधी घ्यायची हा नियम असल्याने महाग संचाची वीज काही दिवस घेतलीच जात नाही. पण संच चालवण्यासाठी तयार असेल तर त्याचा स्थिर आकार द्यावाच लागतो. न घेतलेल्या विजेचे हे पैसे बिलात वेगळे दिसत नाहीत, प्रत्येक युनिटाच्या दरात मिसळलेले असतात.

दर कमी व्हावेत म्हणणाऱ्यांनी इथे फार उशीर केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण दराच्या सुनावणीला जाऊन ओरडतो. तोवर करार झालेला असतो, आयोगाने तो मान्य केलेला असतो, आणि सुनावणीत तो 'टाळता न येणारा खर्च' म्हणून पुढे येतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ८६ प्रमाणे वितरण कंपनीच्या वीजखरेदीवर आणि तिच्या दरावर आयोगाचं नियंत्रण आहे. पंचवीस वर्षांचा करार मान्यतेला येतो तेव्हा त्याचा अर्धा पानाचा मराठी गोषवारा प्रत्येक जिल्ह्यात लावला गेला पाहिजे : किती मेगावॉट, किती वर्षं, वीज घेतली नाही तरी वर्षाला किती द्यावे लागतील. महाराष्ट्राला हा धडा नवीन नाही. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पात महागड्या कराराने वीज मंडळाला कसं खाली ओढलं ते आपण पाहिलं आहे. पुढे १९९८च्या कायद्याने राज्याराज्यांत आयोग आले, महाराष्ट्राचा ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. तो कराराच्या आधी बोलावा म्हणून आला.

दुसरी जागा शेतीपंपांची. इथे सावधपणे लिहितो, कारण मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. बऱ्याच पंपांना आजही मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर लागतं. म्हणजे त्यांचा वापर मोजला जात नाही, अंदाजला जातो. अंदाज फुगला की गळती तेवढी कमी दिसते. तारेवर आकडे टाकून चोरली जाणारी, डीपीवर जळणारी, हिशेबाबाहेर जाणारी वीज शेतकऱ्याच्या नावावर पडते. शेतकरी बदनाम होतो, गळतीची जबाबदारी कुणावरच येत नाही आणि पैसे मात्र इतर ग्राहक आणि सरकारचं अनुदान मिळून भरतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली, तेव्हापासून हा आकडा आणखी महत्त्वाचा झाला आहे. आता अनुदानच त्या अंदाजावर ठरणार. (रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पाणी इतकं खोल गेलं आहे की साडेसातच्या पंपाने भागतच नाही. ज्याला पाणी सर्वांत महाग पडतं त्यालाच ती सवलत नाही, हा वेगळाच विषय आहे.)

प्रत्येक पंपाला मीटर लागायची वाट पाहायची गरज नाही. शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, बहुतेक ठिकाणी गावठाणापासून वेगळे केलेले आहेत. फीडरवर मीटर आहे. प्रत्येक शेती फीडरवर दर महिन्याला किती युनिटं गेली, त्यावर किती अश्वशक्तीचे किती पंप आहेत आणि किती तास वीज दिली, हे तालुकावार प्रसिद्ध करा. पारोळ्याच्या किंवा चोपड्याच्या शेतकऱ्याला तो कागद दाखवला तर तो पाच मिनिटांत सांगेल की आकडा खरा आहे की बसवलेला. त्याच्याइतका चांगला तपासनीस आयोगाला मिळणार नाही.

नाशिकपर्यंतचा रस्ता

मग हे सगळं सांगायचं कुठे? कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती ऐकाव्या लागतात आणि १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कायदा चांगला आहे. प्रत्यक्षात महावितरणच्या दरावरची जाहीर सुनावणी महसूल विभागांच्या ठिकाणी होत आली आहे आणि आमचा विभाग नाशिक. जळगावहून नाशिक अडीचशे किलोमीटरच्या घरात, नंदुरबारहूनही रस्ता तसाच लांब, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला आधी नंदुरबारच गाठावं लागतं. अक्कांच्या मुलाने एक दिवस गाडी उभी ठेवून नाशिकला जायचं, तर त्याचा एका दिवसाचा तोटा वर काढलेल्या वर्षाच्या फरकालाही मागे टाकेल. आता ऑनलाइन बोलायची सोय आहे, पण शेकडो पानांची याचिका वाचल्याशिवाय तिथे बोलणार काय?

आयोगाने सुरुवातीच्या काळात ग्राहकांचे कायम प्रतिनिधी म्हणून ज्या चार संस्था नेमल्या त्या पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूरची उद्योग संघटना आणि विदर्भातली उद्योग संघटना. त्यांनी मोलाचं काम केलं. प्रयासच्या अभ्यासाशिवाय या राज्यात वीजदराची चर्चा एवढी शहाणी झाली नसती. पण तापीकाठचं कुणीही त्यात नव्हतं. कूलरचे चार महिने दरपत्रकात आले नाहीत, ते मला या गैरहजेरीचंच फळ वाटतं. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. तिथल्या यंत्रमागवाल्याला आणि जळगावच्या डाळ मिलवाल्याला शेजारच्या राज्याचा दर आणि आपला दर यांतला फरक रोज दिसतो. तो त्याने नाशिकला जाऊन सांगावा अशी अपेक्षा करण्यापेक्षा आयोगाने एक दिवस जळगावला किंवा धुळ्याला बसावं.

आणि ऐकून घेतल्यावर दिलेला आदेश टिकलाही पाहिजे. २०२५ साली काय झालं ते पाहा. सुनावण्या झाल्या. २८ मार्चला आयोगाने पुढच्या पाच वर्षांचा दराचा आदेश दिला, तोही दरकपातीचा. मागणाऱ्या कंपनीला जिथे तूट दिसत होती तिथे आयोगाला शिल्लक दिसली. १ एप्रिलपासून नवे दर लागणार होते. कंपनीने हरकत घेतली आणि २ एप्रिलला आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. पुनर्विलोकन होऊन २५ जूनला बदललेला आदेश आला, दर १ जुलैपासून लागू झाले. पहिल्या वर्षी सरासरी दहा टक्के आणि पाच वर्षांत सव्वीस टक्के कपात, असं सरकारने जाहीर केलं. पण पुनर्विलोकनाच्या टप्प्यावर लोकांना पुन्हा बोलावून ऐकलं गेलं नाही, हा ग्राहकांचा आणि उद्योगांचा मोठा आक्षेप राहिला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला.

स्वतःच्या आदेशाचं पुनर्विलोकन करण्याचा अधिकार आयोगाला कलम ९४ ने दिला आहे. कागदावरची उघड चूक दुरुस्त करायला तो हवाच. पण ज्या दुरुस्तीने कोट्यवधी घरांचा दर बदलतो ती पुन्हा लोकांसमोर आली पाहिजे. सुनावण्या घेऊन दिलेला आदेश पाच दिवसांत थांबवता येत असेल तर पुढच्या वेळी अडीचशे किलोमीटर कोण जाईल?

अक्कांनी वर्तमानपत्रातला 'दहा टक्के' वाचून मला विचारलं, म्हणजे आपलं बिल दहा टक्क्यांनी उतरणार का. तसं सांगता येत नाही, हे समजावताना माझीच दमछाक झाली. सरासरीतली कपात प्रत्येक स्लॅबला सारखी लागत नाही, वहन आकार वेगळा हलतो, इंधन समायोजन आकार वेगळा. दराच्या प्रत्येक आदेशाबरोबर आयोगाने ५०, १००, १५० आणि २०० युनिटांच्या घराचं जुनं आणि नवं पूर्ण बिल, करासकट, मराठीत छापावं. मग टक्क्यांची भाषा कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

एक गोष्ट या आदेशांत खानदेशाच्या कामाची निघाली. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला घरगुती ग्राहकालाही सवलत लागू झाली, १ जुलै २०२५ पासून, तेव्हा युनिटामागे ८० पैसे. आमचा कूलर मुख्यतः दुपारीच चालतो. मात्र त्यासाठी वेळेनुसार नोंद करणारा मीटर हवा आणि त्या मीटरबद्दल गावात धास्ती आहे. प्रीपेडच्या बातम्यांनी ती पेरली. मी अक्कांना मीटर बसवू द्या असं सांगितलं, पण आधी जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा, असंही सांगितलं.

सरकारच्या हातातलं एक कामही सांगून ठेवतो, कारण ते आयोगावर ढकललं जातं. १६ टक्के वीज शुल्क आयोग लावत नाही, राज्याचा कायदा लावतो. ते ऊर्जा, वहन, स्थिर आकार, सगळ्यांच्या बेरजेवर बसतं. म्हणून दर वाढला की सरकारचं उत्पन्न आपोआप वाढतं. शंभर युनिटांच्या आतल्या घराचं शुल्क माफ करायला नाशिकची सुनावणी लागत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल अक्कांच्या मुलाने विचारलं होतं. केंद्राच्या योजनेत एका किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान आहे. पुढच्या खोलीचा स्लॅब त्याला पुरेल, पण त्यावर उन्हाळाभर बिबड्या वाळत असतात आणि त्याच पैशांतून लाइट बिल भरलं जातं. मागच्या धाब्यावर पॅनेल बसवता येत नाही, मातीचं छत तो भार धरत नाही. सून म्हणाली की बिबड्या अंगणात खाटेवर घालून पाहू. तो विचार अजून चालू आहे.

मेचं ते बिल मुलाने दोन हप्त्यांत भरलं. अक्कांची बारा बिलं, गल्लीतल्या आणखी चार घरांची प्रत्येकी बारा, अशी साठ बिलं मी महिन्याच्या क्रमाने लावली आहेत. प्रत्येक घराच्या वरच्या पानावर दोन बेरजा लिहिल्या आहेत, महिन्याच्या स्लॅबची आणि वर्षाच्या स्लॅबची. दराच्या पुढच्या अर्जाची जाहीर सूचना निघाली की हा गठ्ठा हरकत म्हणून आयोगाकडे जाईल. प्रत्यक्ष बोलू इच्छिता का, या रकान्यात 'होय' लिहिणार आहे आणि त्याखाली सुनावणीचं ठिकाण : जळगाव.